रिसेप्टर शोधायचाय? पेशीचं साल जपा

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला आलेली मुलं मला बहुधा कॅटलॉगच दाखवतात. "मॅडम, ईजीएफआरची अँटिबॉडी, स्वस्तात मिळतेय." ईजीएफआर म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर वाढीचा संदेश घेणारं प्रथिन, म्हणजेच रिसेप्टर; अँटिबॉडी म्हणजे त्याला नेमकं चिकटणारं प्रथिन. मी आधी विचारते, ती रेणूच्या कुठल्या भागाला चिकटते? माणसाच्या ईजीएफआरमध्ये १२१० अमिनो आम्लं. सुरुवातीची २४ कापली जातात, २५ ते ६४५ पेशीबाहेर, पुढचा छोटा तुकडा पटलातून आरपार आणि ६६९ पासून सगळं आत. डेटाशीटवर 'सी-टर्मिनल' (रेणूचं शेवटचं, आतलं टोक) असेल, तर जिवंत, अखंड पेशीवर ती काही दाखवणार नाही. वेस्टर्न ब्लॉटला (पेशी फोडून प्रथिनं तपासण्याला) छान चालेल, पण त्याचा इथे उपयोग नाही. बाहेरचा भाग ओळखणारी, फ्लो सायटोमेट्रीसाठी (यंत्रातून एकेका पेशीची चमक मोजण्यासाठी) तपासलेली अँटिबॉडीच घ्या.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ला टेकतो, तेव्हा पार्सल शनिवारी संध्याकाळी कुरिअरच्या गोदामात अडकणार नाही असं बघून ऑर्डर द्या. रंग न जोडलेली साधी अँटिबॉडी (आयजीजी) एखाद-दोन दिवसांची ऊब सहसा सोसते. पीई, एपीसीसारखे चमकणारे रंग जोडलेली मात्र २ ते ८ अंशांत, अंधारात ठेवायची, आणि फ्रीजरमध्ये अजिबात नाही. साधीचे छोटे भाग करून उणे २० अंशांवर ठेवा, पण फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर नको. बर्फ वितळवायला तो स्वतःच अधूनमधून गरम होतो.

आता पेशी. ए४३१ ही माणसाच्या कर्करोगाची पेशीरेषा घ्या, तिच्यावर ईजीएफआर खच्चून भरलेला असतो. शेजारी के५६२ (रक्ताच्या कर्करोगाची पेशीरेषा) हवीच, तिच्यावर तो नसतो. ही जोडी नसेल तर मी आलेख बघतसुद्धा नाही. पेशी पुण्याच्या एनसीसीएसमधून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून) मागवता येतात.

ए४३१ तळाला चिकटून वाढते. ती सोडवायला हात सवयीने ट्रिप्सिनकडे जातो, आणि ट्रिप्सिन पृष्ठभागावरची प्रथिनंच कुरतडतं. म्हणजे भरताचं वांगं भाजून, साल सोलून फेकायची आणि मग साल हिरवी होती की जांभळी ते शोधत बसायचं! पीबीएसमधलं (मिठाच्या बफरमधलं) २ ते ५ मिलिमोलर ईडीटीए वापरा, ते कॅल्शियम पकडून पेशी सोडवतं. वेळ लागतो, लागू द्या.

इथून पुढे सगळं बर्फावर. ऊब मिळाली की अँटिबॉडी चिकटलेला रिसेप्टर पेशी आत ओढून घेते. पीबीएसमध्ये २ टक्के एफबीएस (गर्भस्थ वासराचं सीरम) आणि ०.१ टक्का सोडियम अ‍ॅझाइड घाला. अ‍ॅझाइड विषारी आहे, हातमोजे घाला, बेसिनमध्ये ओतू नका. एचआरपी (रंग उमटवणारं एन्झाइम) वापरणार असाल तर ते घालूच नका, एन्झाइम बंद पडतं. सेंट्रिफ्यूज थंड करायची सोय नसेल तर त्याच्या बकेट आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवा.

१०० मायक्रोलिटरमध्ये साधारण १० लाख पेशी. दहा मिनिटं एफसी ब्लॉक (के५६२वर अँटिबॉडीची शेपटी पकडणारे एफसी रिसेप्टर असतात, ते आधी झाकायचे; हे टाळू नका), मग अँटिबॉडी, अंधारात ३० मिनिटं. ३०० जी वर पाच मिनिटं फिरवून दोनदा धुवा. किती अँटिबॉडी घालायची हे डेटाशीटवरून उचलू नका. १:५० पासून निम्मं-निम्मं करत १:८०० पर्यंत जा आणि ए४३१ व के५६२ मध्ये सगळ्यात जास्त अंतर पडेल ते प्रमाण धरा. बहुतेकदा पैसेही वाचतात. आयसोटाइप कंट्रोलची (त्याच प्रकारच्या, पण ईजीएफआरला न चिकटणाऱ्या अँटिबॉडीची) नळी वेगळी.

मेलेल्या पेशींना काहीही चिकटतं, म्हणून मृत पेशी ओळखणारा रंग हवा. मशीन नाशिक किंवा मुंबईला असेल आणि नमुने रात्रीच्या गाडीने न्यायचे असतील, तर पीआय किंवा ७-एएडी हे नेहमीचे रंग चालणार नाहीत. प्रवासासाठी पेशी फिक्स (रसायनाने स्थिर) कराव्या लागतात, आणि मग या रंगांनी सगळ्याच पेशी रंगतात. फिक्सेबल (फिक्स केल्यावरही टिकणारा) रंग आधी लावा, मग १ टक्का पॅराफॉर्मल्डिहाइड. डब्यात जेल पॅक ठेवा, पण नळ्या गोठू देऊ नका आणि दुसऱ्या दिवशी वाचून घ्या.

मशीनच नसेल तर कव्हरस्लिपवर वाढवलेल्या पेशी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये पंधरा मिनिटं ठेवा, मग अँटिबॉडी लावून फ्लोरोसन्स मायक्रोस्कोपखाली बघा. ट्रायटॉनला (डिटर्जंटला) हात लावू नका, ते पटलाला भोकं पाडतं. कडेला रेघ उमटली तर पृष्ठभागावरचा रिसेप्टर सापडला. दुसऱ्या स्लिपवर मुद्दाम ट्रायटॉन घाला. तिथेच चमक आणि पहिलीवर अंधार असेल, तर डेटाशीट पुन्हा उघडा आणि अँटिबॉडी कुठल्या भागाला चिकटते ते वाचा.