कोणाला आदर्श मानून निर्णय घेताय? या चुका टाळा (मी केल्यात)

मुंबईची नोकरी सोडून दापोलीला परत आलो तेव्हा डोक्यात एकच माणूस होता, आमच्या वाडीतले काका, हापूसच्या पेट्या थेट पुण्यात विकणारे. त्यांना जमलं तर मलापण जमेल, बास. त्यांची कलमं वडलांनी लावलेली, चाळीसेक वर्षांची, आणि माझी नुकती लावलेली, ज्यांना धड आंबा धरायलाच पाच-सहा वर्षं जातात, हा हिशोब मी केलाच नाही. माणूस आज कुठे पोचलाय ते बघितलं, निघताना त्याच्या हाताशी काय होतं ते नाही.

महर्षी कर्व्यांचंच घ्या ना, ते आमच्या मुरुडचे (दापोलीजवळचं, जंजिऱ्याचं नव्हे). १८९३ला विधवेशी लग्न केलं, गावाने वाळीत टाकलं, तरी १८९६ला पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, हे भाषणात ऐकून पोरं पेटतात आणि राजीनामा टाईप करायला घेतात. पण कर्वे १८९१ ते १९१४ फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते! म्हणजे आश्रम काढल्यावरपण अठरा वर्षं नोकरी चालूच. भाषणात हे येत नाही, आणि आपल्या उपयोगाचं नेमकं तेच.

दुसरं, एकाच माणसाचं सगळं उचलू नका. हर्णैचा तांडेल वारा फिरला की जाळं न टाकता बोट वळवतो, डिझेल फुकट गेलं तरी. हे शिका की. पण त्याने बोटीवर कर्ज काढलं म्हणून तुम्ही होमस्टेवर काढायचं? पावसाळ्यात रूम रिकाम्या असतात हो, हप्ता काय थांबतो का.

आणि मोबाईलवरचे गुरू. त्यांना उलट प्रश्न विचारता येत नाही, म्हणून मी तरी मोठा निर्णय त्यांच्यावर सोडत नाही.

आधीच अडकला असाल तर सरळ त्या माणसाच्या पडवीत जाऊन बसा. "यशस्वी कसे झालात" विचारलंत तर भाषणच मिळणार. मोहोर गळाला त्या वर्षी घर कशावर चाललं, हे विचारा. मी विचारलं, पण दोन वर्षं उशिरा. काका हसले, "अरे, तुझ्या काकीचा शाळेतला पगार होता ना!"