गोळ्यांच्या गजराला नाव द्या

आई-वडिलांच्या गोळ्यांसाठी वेगळं ॲप शोधण्याआधी फोनमधलं घड्याळ उघडा. गजराला नाव देता येतं, आणि खरा उपयोग तिथेच आहे. नुसतं ‘औषध’ लिहू नका. ‘थायरॉईडची गोळी, उपाशीपोटी, चहा तासाभरानं’ असं पुरतं लिहा. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी या गोळीच्या जवळ घेतली तर थायरॉईडचं औषध नीट शोषलं जात नाही. निदान ४ तासांचं अंतर लागतं. म्हणून कॅल्शियमचा गजर दुपारच्या जेवणानंतरचा ठेवा. मधुमेहाची मेटफॉर्मिन जेवणाबरोबर घ्यायची असते, तेव्हा तो गजर घरात खरोखर पानं वाढली जातात त्या वेळेचा हवा.

आठवड्यातून एकदाच घ्यायच्या औषधासाठी कॅलेंडर वापरा, दर रविवारी आपोआप येणारी नोंद करून. संधिवातासाठी दिलेली मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. त्या नोंदीत ‘आठवड्यातून एकदाच’ हे शब्द हवेतच. ६०,००० युनिटच्या ड जीवनसत्त्वालाही हेच लागू.

डॉक्टरांच्या चिठ्ठीचा आणि प्रत्येक पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ठेवा. डोस बदलला की जुना गजर त्याच दिवशी काढून टाका, नाहीतर दोन्ही वाजत राहतात. रोज एक गोळी असेल तर १५ गोळ्यांचं शेवटचं पाकीट उघडल्यापासून दहाव्या दिवशी ‘गोळ्या आणा’ अशी आठवण लावा. आणि गजर बंद करायचा तो गोळी गिळल्यावरच, आधी नाही.