गाडी का तापते? हेड उघडण्याआधी कारण कसं शोधायचं

तापणाऱ्या गाडीला पाना लावण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर मिळवा: ती नेमकी कधी तापते? सिग्नलला उभी असताना, मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना, चढावर, की सुरू केल्यावर पाचेक मिनिटांतच? निम्मं निदान या उत्तरात होतं. तरीही हा प्रश्न न विचारता सुटे भाग बदलत सुटणारे जागोजागी भेटतात. आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) बदलला जातो, मग रेडिएटर, मग वॉटर पंप, आणि शेवटी कळतं की फॅनचा रिले (त्याला वीज देणारा स्विच) गेला होता.

काटा लाल पट्ट्याकडे निघाला की एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पूर्ण वेगात लावा, सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. मग थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, फडकं धरूनही नाही. झाकणामुळे आत साधारण १ बारचा जादा दाब टिकतो आणि त्या दाबाखाली निम्मं पाणी-निम्मं कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) हे मिश्रण १२० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब एकदम पडतो आणि आतला सगळा ऐवज त्याच क्षणी उकळून अंगावर येतो. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणंही तितकंच वाईट, त्याने हेडला, म्हणजे सिलिंडरांवर बसवलेल्या इंजिनच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो.

खरंच तापतेय का, हे आधी बघा

डॅशबोर्डवरच्या काट्यावर माझा फारसा विश्वास नाही. पुष्कळ गाड्यांत तो मुद्दामच ठरावीक टप्प्यात मधोमध स्थिर ठेवलेला असतो, आणि तो हलतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. काही गाड्यांत तर काटाच नसतो, फक्त लाल दिवा. म्हणून ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं उपकरण) लावून कूलंटचं तापमान आकड्यांत वाचा. ८५ ते १०५ अंशांच्या दरम्यान खाली-वर होणं बहुतेक गाड्यांत नेहमीचंच आहे. कूलंटची पातळी सेन्सरच्या खाली गेली असेल तर मात्र सेन्सर नुसत्या वाफेत किंवा हवेत लटकतो आणि खोटा आकडा दाखवतो. त्यामुळे आकडा बरा दिसतोय पण बॉनेटखालून वाफ येतेय, असं असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवा.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर पातळी तपासा. कूलंटच्या टाकीवरची खूण बघून थांबू नका, रेडिएटरला झाकण असेल तर ते उघडून आत बघा. टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं पुष्कळदा सापडतं. तसं झालं तर पहिला संशय झाकणावर घ्या. त्यातली स्प्रिंग ढिली पडली की कूलंट कमी दाबालाच टाकीत ढकललं जातं. त्यातली उलट्या दिशेची छोटी झडप अडकली की गार होताना ते परत ओढलं जात नाही आणि होज पाईप चपटा पडतो. झाकण हा सगळ्यांत स्वस्त भाग आहे आणि सगळ्यांत शेवटी तपासला जातो, हे मला अजूनही पटत नाही. पातळी कमी असेल आणि झाकण ठीक असेल तर प्रेशर टेस्टर (आत हवेचा दाब भरणारा पंप) लावून गळती शोधा. वॉटर पंपाच्या खालचं छोटं भोक आणि हीटरजवळची ओली चटई, या दोन जागा विसरू नका.

कधी तापते, त्यावरून कुठे बघायचं

उभ्या गाडीत तापते आणि वेग घेतला की उतरते: वारा कमी पडतोय. एसी लावा, बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज, रिले, कनेक्टर, मग मोटर, याच क्रमाने जा. मोटरला बॅटरीतून थेट १२ व्होल्ट दिले आणि ती फिरली तर दोष तिच्या अलीकडे आहे. फॅन फिरत असेल तर हवा योग्य दिशेने जातेय ना, ते कागद धरून बघा. मोटर बदलताना तारा उलट जोडल्या तर फॅन उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच भांडतो. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत साचलेला कचराही समोरून दिसत नाही.

वेगात किंवा चढावर तापते, शहरात ठीक चालते: कूलंट पुरेसं वाहत नाही किंवा रेडिएटर आतून चोंदलाय. इंजिन गरम झाल्यावर फॅनपासून हात लांब ठेवून इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरभर तापमान घ्या. मध्येच गार पट्टा सापडला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. चकचकीत ॲल्युमिनियमवर हा थर्मामीटर चुकतो, काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोजा. खालचा होज पाईप इंजिनचा वेग वाढवल्यावर आत ओढला जातोय का, तेही बघून घ्या.

सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापते: थर्मोस्टॅट, अडकलेली हवा किंवा हेड गॅस्केट (हेड आणि त्याखालचं इंजिन यांच्यामधलं सील). थर्मोस्टॅट ओळखणं सोपं आहे. तो साधारण ८२ ते ९२ अंशांना उघडू लागतो, नेमका आकडा बहुधा त्याच्यावरच कोरलेला असतो. तापमान त्याच्या बरंच पुढे गेलं आणि तरी रेडिएटरकडचा एक पाईप गारच राहिला, तर तो बाहेर काढून पाण्यात उकळून बघा. उघडला नाही तर बदला.

हवा की गॅस्केट?

या टप्प्याने मला सर्वांत जास्त दमवलं. गाड्यांची सर्वांत महागडी चुकीची दुरुस्ती इथेच होते, म्हणून इथे घाई करू नका.

अडचण अशी की दोन्हींची लक्षणं जवळजवळ सारखी असतात. हवा अडकली असेल तर आकडा एकदम उसळतो आणि तितक्याच झपाट्याने खाली येतो, हीटरमधून कधी गरम तर कधी गार वारा येतो, डॅशबोर्डच्या मागे पाणी खळखळतं. गॅस्केट गेलं असेल तरी हेच होतं, कारण सिलिंडरमधला जळालेला वायू कूलंटमध्ये शिरून पुन्हा हवेचाच फुगा तयार करतो. झाकण उघडून 'बुडबुडे दिसतायत, गॅस्केट गेलं, हेड उतरवू' म्हणणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका. बुडबुडे दोन्हींतही येतात. ते थांबतात की नाही, यावर सगळं ठरतं.

म्हणून आधी हवा नीट काढा. इंजिन गार असताना गाडीचं नाक वर येईल अशी ती उभी करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, कूलंट सावकाश भरा. हवा काढायचा स्क्रू असेल तर त्यातून बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत तो उघडा ठेवा. मग भरायच्या तोंडावर घट्ट बसणारं फनेल लावून त्यात थोडं कूलंट ठेवा आणि इंजिन सुरू करा. हातमोजे घालून वरचा होज पाईप मधूनमधून दाबत राहा. थर्मोस्टॅट उघडला की फनेलमधली पातळी एकदम खाली जाईल, तेव्हा भर घाला. फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत हे चालू द्या. अडकलेली हवा मोठ्या, तुटक बुडबुड्यांनी येते, कमी होत जाते आणि थांबते. वायू असेल तर बारीक बुडबुड्यांची माळ थांबतच नाही, आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती वाढते. भरताना दहा मिनिटांत काम उरकून 'हवा काढली' म्हणतात, त्यातली निम्मी हवा आतच असते.

बुडबुडे थांबले नाहीत तरी लगेच निकाल देऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन रात्रभर उभं राहिल्यावर, झाकण अगदी हळू फिरवा. निरोगी गाडीत गार होताना कूलंट आकसतं, त्यामुळे आत दाब उरत नाही. पूर्ण गार इंजिनातून फुस्स करून दाब सुटला तर तो उष्णतेचा नाही, वायूचा आहे. मग पातळी पूर्ण भरून, झाकण घट्ट लावून इंजिन सुरू करा आणि वरचा पाईप हातात धरा. पहिल्या एक-दोन मिनिटांत कूलंट अजून कोमटही झालेलं नसतं. तेवढ्यात पाईप दगडासारखा कडक झाला तर तो दाब सिलिंडरमधून आला आहे. सगळ्या चाचण्यांत माझा सर्वाधिक भरवसा हिच्यावर आहे, आणि हिला कुठलंही उपकरण लागत नाही.

त्यानंतर रासायनिक चाचणी करा. झाकणाच्या जागी नळी लावून टाकीतली हवा निळ्या द्रवातून ओढायची. पेट्रोल गाडीत वायू असेल तर द्रव पिवळा होतो. कूलंट त्या द्रवात शिरू देऊ नका, नाहीतर चाचणी फुकट जाते. नळी इंजिन गार असतानाच लावा, मग ते चांगलं तापल्यावर चाचणी करा आणि एकदा रंग बदलला नाही म्हणून गॅस्केटला निर्दोष ठरवू नका. लहानशी गळती कित्येकदा इंजिनावर भार आला तरच उघडते, तेव्हा चढावरून फिरवून आणून पुन्हा तपासा.

दोन गोष्टींना पुरावा मानू नका. तेलाच्या झाकणाखालचा दुधाळ साय धरल्यासारखा थर जवळच्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत नुसत्या ओलाव्यानेही जमतो. तेलाची पट्टी बाहेर काढून तेलच दुधाळ झालंय का ते बघा. उलट तेल स्वच्छ आहे म्हणून गॅस्केट शाबूत, हेही चूक. वायू फक्त कूलंटच्या वाटेत जात असेल तर तेल शेवटपर्यंत स्वच्छ राहतं.

सकाळचा दाब, कडक पाईप आणि रंग हे तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवतात तेव्हाच हेड उतरवायला परवानगी द्या. उतरवलं की ते सपाट आहे का आणि त्याला तडे आहेत का हे तपासल्याशिवाय नवीन गॅस्केट बसवू देऊ नका.

हे करू नका

थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकू नका. काही इंजिनांत त्यामुळे बायपासची वाट उघडी राहते आणि कूलंट रेडिएटर टाळून फिरतं. तसं झालं नाही तरी इंजिन योग्य तापमानाला पोचत नाही आणि इंधन जास्त खातं. फॅन थेट बॅटरीला जोडून घरी येणं ठीक आहे, पण तसंच सोडून देणं म्हणजे दोष झाकणं. गळती बुजवणारी पूड हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते. नुसतं नळाचं पाणी भरून महिनोन्‌महिने चालवू नका, आतून गंज आणि क्षार दोन्ही धरतात. कूलंटचा रंग बघून दोन प्रकार एकत्र करू नका, रंगावरून प्रकार ठरत नाही. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकारच वापरा.

काम झाल्यावर टाकीवर पेनाने पातळीची खूण करा आणि पुढचे काही दिवस गाडी सुरू करण्याआधी ती बघा. पहिल्या एक-दोन दिवसांत उरलीसुरली हवा निघून ती थोडी उतरेल, तेवढी भर घाला. त्यानंतरही उतरत राहिली तर प्रेशर टेस्टर पुन्हा लावा.