पोराला न्यूमोनिया झालाय? डॉक्टर, सिस्टर आणि घरच्यांनी मिळून काय काय सांभाळायचं

सोलापुरात जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा (मोठी जत्रा) भरला की थंडी, धूळ आणि गर्दी एकदमच येते आणि घरोघरी पोरं खोकायला लागतात. सगळाच खोकला न्यूमोनिया नसतो, उगाच घाबरू नका, पण ओळखायचं कसं ते आधी शिकून घ्या कारण सगळ्यात जास्त वेळ तिथंच वाया जातो.

बाळ शांत असताना, झोपेत असेल तर उत्तमच, झबलं वर करा, मोबाईलवर १ मिनिटाचा टायमर लावा आणि पोट किती वेळा वर येतंय ते मोजा. पूर्ण १ मिनिट. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान बाळाचा श्वास मधेच थांबतो मधेच पळतो, त्यामुळं हिशोब चुकतो. २ महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्ष ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त, एवढे भरले की श्वास जलद समजायचा. शिवाय श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय का बघा, म्हातारी माणसं याला डबा झाला म्हणतात. नाव काहीही द्या, पण पोटावर बिब्बा नको, डाग तर अजिबात नको, थेट दवाखाना गाठा.

दूध ओढत नाही, पाजलेलं सगळं उलटून टाकतंय, झटका आला, ओठ निळे पडले, हाक मारली तरी नीट जागं होत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा. मोहोळ, अक्कलकोटकडून येत असाल तर सोलापूरचं सिव्हिलच (मोठा सरकारी दवाखाना) पाहिजे म्हणून अडून बसू नका, वाटेत जिथं ऑक्सिजन आहे तिथं आधी लावून घ्या. २ महिन्यांच्या आतल्या बाळाचा नुसता श्वास जलद असला तरी घरी थांबायचं नाही.

डॉक्टरांनी तोंडाने औषध देऊन घरी पाठवलं तर बहुतेक अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक असतं, त्याचा डोस वजनावर ठरतो, म्हणून त्याच दिवशी वजन करून घ्या, मागच्या महिन्याचं अंदाजाने सांगू नका. दोन दिवसांनी परत दाखवायचं, पोरगं खेळायला लागलं असलं तरी.

आता अ‍ॅडमिट झालं तर. डॉक्टर राऊंडला येतात, तपासतात, औषधं लिहून जातात, पण दिवसरात्र बाळाजवळ सिस्टर असतात आणि त्यांच्यापेक्षाही जास्त वेळ तुम्ही असता. या तिघांकडची माहिती एकमेकांपर्यंत पोचली तर ट्रीटमेंट नीट चालते. म्हणून एक छोटी वही ठेवा, दूध कधी आणि किती घेतलं, लघवी कधी झाली, उलटी, ताप, एवढंच लिहायचं. ड्युटी बदलताना सिस्टर एकमेकींना पेशंट सांगतात, त्या वेळी जवळ राहा आणि थोडक्यात बोला, "रात्री दोनपासून दूध ओढलं नाही, पहाटेपासून लघवी नाही". "बरं वाटत नाही हो" एवढ्याने त्यांना काही कळत नाही. आपल्या सोलापुरात एक अडचण जास्त येते, बाळाजवळ तेलुगू नाहीतर कन्नड बोलणारी आजी असते, सिस्टर मराठीत विचारतात आणि आजी नुसती मान हलवते. मराठी येणारं एक माणूस राऊंडला हजर ठेवाच, किंवा आजीला त्यांच्या भाषेत बोलणारं वॉर्डात कोणी आहे का ते विचारा.

ऑक्सिजनची नळी नाकात सारखी टोचते म्हणून आया ती काढून ठेवतात, हे करू नका. शेंबडाने नळी बंद झाली असेल तर सिस्टरला बोलवा, त्या नाक साफ करून देतात. ऑक्सिजनचा नॉब स्वतः फिरवू नका. पायाच्या किंवा हाताच्या बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजणाऱ्या मशीनवर आकडा एकदम खाली दिसला तर आधी बाळाकडे बघा, पाय गार असेल, बाळ हलत असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकतो, पाय गरम करून परत लावायला सांगा. पण बाळ खरंच दमलेलं दिसत असेल तर आकड्याची वाट बघत बसू नका, लगेच हाक मारा. सलाईनची जागा सुजली, बाळ हात लावू देत नाही, तेही लगेच सांगा.

श्वास खूप पळत असताना आडवं झोपवून बळंच दूध पाजू नका, श्वासनलिकेत जायची भीती असते. डोकं थोडं उंच, अंगावरचं दूध थोडं थोडं आणि वरचेवर. ओढवत नसेल तर दूध काढून वाटी-चमच्याने द्यायचं की नाकातल्या नळीने, ते डॉक्टर आणि सिस्टर ठरवतील. वाफारा (मशीनने वाफेसारखं औषध ओढायला देणं) प्रत्येकाला लागत नाही, छातीत सूं सूं वाजत असेल तरच डॉक्टर देतात, शेजारच्या कॉटला दिला म्हणून आपल्याला पण द्या असा हट्ट नको. खोकल्याचं औषध बाहेरून आणून चोरून पाजू नका, आणि १ वर्षाच्या आत मध नाही.

दोन दिवस इंजेक्शन होऊनही ताप आणि श्वास तसाच असेल तर पुढं काय, एक्सरे की औषध बदलायचं, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

डिस्चार्जच्या वेळी सिस्टरकडून औषध मोजून दाखवून घ्या, तुमच्या हाताने एकदा त्यांच्यासमोर भरा. परत कधी यायचं ती तारीख कागदावर पाहिजे. घरात चूल, विडी-सिगरेटचा धूर किंवा मागाचा कापूस उडत असेल तर बाळाची झोपायची जागा तिथून हलवा. आणि लसीचं कार्ड काढून बघा, न्यूमोनियापासून वाचवणारी न्यूमोकोकल लस ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिन्यांना असते, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, राहिली असेल तर आशाताईंना सांगून तारीख घेऊन टाका.