नगराध्यक्षपदाचे दोघंही पटत नाहीत? मग तिन्ही मतं सुटी सुटी ठरवा

नगरपरिषदेची निवडणूक लागली की आमच्या कोकणात नाक्यानाक्यावर एकच रड, "अध्यक्षाक मत देवक माणूसच नाय रे". एकाचं नाव ठेकेदारांच्या संगतीत, दुसरा पाच वर्षं मुंबईला आणि फॉर्म भरायच्या तोंडावर गावात हजर. मग लोक काय करतात तर एकतर मतदानालाच जात नाहीत, नाहीतर गेले की वैतागून एकाच चिन्हावर पटापट सगळी बटणं दाबून मोकळे होतात, पॅनेल टू पॅनेल. अध्यक्षावरचा राग प्रभागाच्या मतावर काढायची काय गरज आहे हे मला अजून कळलेलं नाही, कारण ती मतं वेगळी आहेत, त्यांची कामं वेगळी आहेत आणि ती वेगवेगळ्या पक्षांना दिली तर कोणी तुमचा हात धरत नाही.

आधी आपल्याला मतं किती ते बघा. कणकवली, गुहागर, लांजा, देवरुख या नगरपंचायती, तिथे प्रभागात एकच नगरसेवक म्हणजे दोन मतं, एक अध्यक्षाला आणि एक सदस्याला. मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी, रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापूर या नगरपरिषदा, तिथे बहुतेक प्रभागांत दोन सदस्य, अ आणि ब, म्हणजे अध्यक्ष धरून तीन मतं, एखाद्या प्रभागात तीन सदस्य असले तर चार. आणि अ आणि ब ची दोन्ही मतं एकाच आवडत्या माणसाला असं चालत नाही, प्रत्येक जागेला एकच. हे थेट अध्यक्ष निवडणं पण आत-बाहेर चालू असतं बरं का, २०१६ ला आणलं, २०२० ला काढलं, २०२२ ला परत आणलं, त्यामुळे आधीच्या वेळी कसं होतं ते आठवून जाऊ नका, या वेळी काय आहे ते बघा.

आता मुद्द्याचं. तुम्हाला अध्यक्षपदाचे दोघं का आवडत नाहीत ते एकदा मोकळेपणाने स्वतःला विचारा. अर्ध्या लोकांचं उत्तर हायवे असतं. मुंबई-गोवा हायवे रखडला म्हणून अमक्या पक्षाला धडा शिकवणार, पण तो राष्ट्रीय महामार्ग ६६, तो नगराध्यक्षाच्या हातात नाही हो. रिफायनरी पण नाही. त्याच्या हातात काय तर सर्वसाधारण सभा घेणं, विषयपत्रिकेवर काय येणार ते ठरवणं, सभा चालवणं आणि समसमान मतं पडली तर निर्णायक मत टाकणं. नळाचं पाणी, कचरा, गटारं, दिवाबत्ती, मासळी मार्केटच्या गाळ्यांचे लिलाव, घरपट्टी, असले विषय सभेत येतात आणि तिथे मतं नगरसेवकांची लागतात. बजेटही सभागृहच मंजूर करतं. आणि अंमलबजावणी करतो मुख्याधिकारी, जो सरकारी माणूस, त्याला आपण निवडतच नाही. म्हणजे राज्यातल्या किंवा दिल्लीतल्या कारणाने एखादा नावडत असेल तर ते कारण इथे बाजूला ठेवा, ते लोकसभा विधानसभेला वापरा. गावातल्या कारणाने नावडत असेल तर मात्र पुढे वाचा.

पक्षाची निष्ठा मोडतेय असं वाटून घेणाऱ्यांसाठी एवढंच, पक्षांनी स्वतःच ती शिल्लक ठेवलेली नाही. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत राज्यात एकत्र सत्तेत बसलेले पक्ष सिंधुदुर्गात समोरासमोर लढले, त्यात शहर विकास आघाडी नावाखाली कोण कोण एकत्र आले ते बघून डोकं गरगरायचं. ते वर एक आणि खाली एक करू शकतात तर तुम्ही का नाही. अमेरिकेत तर एकाच दिवशी राष्ट्राध्यक्ष, सिनेटर असं सगळं मतदान असतं आणि २०२० ला मेन राज्यात बायडन जिंकले डेमोक्रॅट, आणि त्याच मतदारांनी सिनेटवर सुसान कॉलिन्स पाठवल्या रिपब्लिकन. कोणी त्यांना गद्दार म्हटलं नाही, निदान वाडीत तरी नाही.

माझी पद्धत सांगतो. खालून वर जायचं. आधी नगरसेवक पक्के करायचे, अध्यक्ष शेवटी. प्रभाग लहान असतो, उभी राहिलेली माणसं आपण ओळखतो, पावसात गटार तुंबलं तेव्हा फोन कोणी उचलला, टॅंकर कोणाच्या दारात आधी थांबला, पूर आला तेव्हा कोण कुठे होता, हे सांगायला पेपर लागत नाही. चिपळूणवाल्यांनी तर २२ जुलै २०२१ आठवावा, त्या दिवशी आणि पुढचा आठवडाभर गाळ उपसायला कोण होतं एवढा एक निकष पुरेल. पक्ष बघू नका म्हणत नाही, पण दुसऱ्या नंबरला बघा. अ ला एका पक्षाचा चांगला आहे, ब ला दुसऱ्याची चांगली आहे, द्या दोघांना.

हे झालं की अध्यक्षाकडे या, आणि आता प्रश्न बदलतो. कोण चांगला हा प्रश्न सोडून द्या, दोघंही नाहीत हे आपलं ठरलंच आहे, आता विचारायचं की कोणाला सभागृह आवरू शकेल. ज्याची भीती तुम्हाला जास्त वाटते त्याच्याच पक्षाचे नगरसेवक भरभरून येणार असतील तर त्याला अध्यक्ष करू नका, सगळ्या किल्ल्या एकाच कनवटीला जातील. उलट एखादा अध्यक्ष नावडता पण निरुपद्रवी आहे आणि सभागृहात त्याच्यासमोर पुरेसे लोक असतील तर तो खपतो. दोघांची शपथपत्रं राज्य निवडणूक आयोगाच्या साइटवर असतात, मालमत्ता, गुन्हे, शिक्षण सगळं, ती वाचा, प्रचाराच्या रिक्षेपेक्षा जास्त कळतं. आणि तिसरा कोणीतरी असतोच, अपक्ष, त्याची पडेल म्हणून चेष्टा होते, पण दोघंही खरंच सारखेच वाईट असतील तर त्याला मत देणं म्हणजे मत फुकट घालवणं असं मी मानत नाही.

याची किंमत पण सांगून ठेवतो, नाहीतर म्हणाल सांगितलं नाही. २०१६ ला खेडमधे अध्यक्ष मनसेचे थेट निवडून आले आणि नगरसेवकांत बहुमत शिवसेनेचं, चिपळूणला अध्यक्षा भाजपच्या आणि सभागृहात भाजप अल्पमतात. लोकांनीच तसं निवडलं होतं, आणि मग सभेतली भांडणं, तक्रारी, अपात्रतेच्या मागण्या हे सगळं ओघाने आलं. वेगवेगळी मतं दिली की लगाम मिळतो पण गाडी अडूही शकते. गावाला आत्ता कशाची गरज जास्त आहे ते तुम्ही ठरवा. पाण्याची योजना अर्धवट पडलेली असेल तर मी अडवाअडवीला घाबरेन, जमिनींचे आणि बांधकाम परवानग्यांचे व्यवहार जोरात असतील तर मला अडवाअडवीच आवडेल.

नोटाचं बटण प्रत्येक जागेला वेगळं असतं, म्हणजे अध्यक्षाला नोटा आणि खाली दोन माणसांना मत असं करता येतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. लोकसभा विधानसभेला नोटाने निकाल बदलत नाही, पण महाराष्ट्रात पालिका निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मधे आदेश काढला की सर्वात जास्त मतं नोटाला पडली तर त्या जागेची निवडणूक परत घ्यायची. त्याच्या मागे आपल्याच भागातलं एक उदाहरण होतं, लांजा तालुक्यातलं खावडी, तिथे ग्रामपंचायतीला ४४१ वैध मतांपैकी २१० नोटाला आणि १३० मतं मिळालेला माणूस निवडून आला, कारण तेव्हा नियमच तसा होता. तरी माझं मत विचाराल तर आख्ख्या शहरात नोटा पहिला येणं कठीण, प्रभागाच्या जागेवर त्यातल्या त्यात शक्य. अध्यक्षाला नोटा दाबायचा तर निषेध म्हणून दाबा. आणि तिन्हीकडे नोटा कृपा करून नको, खाली एकही बरा माणूस नाही असं गाव मी तरी बघितलेलं नाही.

आता बूथवर. आदल्या रात्री पक्षाची पोरं डमी मतपत्रिका आणून देतील, त्यावर फक्त त्यांच्या तीन जणांची नावं आणि चिन्हं ठळक छापलेली, बाकीच्या रांगा कोऱ्या. घ्या, हसा, चहा विचारा. पण पाठ करायची ती आपली तीन नावं, आणि नावंच, चिन्हं नाहीत. कारण अ मधल्या अपक्षाची शिट्टी आणि ब मधल्या अपक्षाची शिट्टी ही दोन वेगळी माणसं असू शकतात ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. केंद्राबाहेर उमेदवारांची यादी लावलेली असते, आत जायच्या आधी तिथे दोन मिनिटं उभं राहून आपली नावं कितव्या नंबरला आहेत ते बघून घ्या, मोबाइल आत नेता येत नाही.

मशीनवर जागेजागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची. एक बटण दाबलं, लाइट लागला, पुढच्या रंगावर जा. सगळी मतं झाली की मग लांब बझर. आमच्या शेजारच्या काकी अध्यक्षाचं बटण दाबून पदर सावरत निघाल्या, तर टेबलावरचा माणूस ओरडला, आजी थांबा अजून दोन राहिली, आणि काकी म्हणतात "माका एकच माणूस ठाऊक आसा, बाकीचे तुम्हीच दाबा". असं नाही चालत. बझर वाजेपर्यंत हलायचं नाही. आणि विधानसभेला काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते तशी इथे दिसत नाही, या मशीनला व्हीव्हीपॅट नाही, म्हणून लाइट कुठल्या नावापुढे लागला तेच नीट बघा.

बाहेर आल्यावर भावकीतला कोणीतरी विचारणारच, काय रे, सगळी आपल्यालाच ना. मान हलवा. मत गुप्त असतं, घरात सुद्धा. ज्या वाडीत मतदानाच्या आधी बैठक होऊन आख्ख्या वाडीचा शब्द दिला जातो तिथे हे जड जातं मला माहिती आहे, पण शब्द बैठकीने दिला, बटण तुम्ही दाबता, आणि प्रभागाच्या आकड्यांवरून कोणाचं मत कुठे गेलं ते कोणाला कळत नाही.

मुंबईकरांसाठी एक. नाव मुंबईच्या आणि गावच्या दोन्ही यादीत असेल तर एकीकडचं काढा, २०२५ ला दुबार नावांपुढे दोन स्टार मारून ठेवले होते आणि त्या मतदाराकडून दुसरीकडे मत देणार नाही असं लिहून घेत होते. पत्ता बदलायचा तर फॉर्म ८, तो मतदानाच्या आठवड्यात भरून उपयोग नाही, यादी त्याच्या बरीच आधी गोठवतात, म्हणून गणपतीला आलात की तेव्हाच यादीत नाव बघून घ्या. मतदानाची वेळ साधारण सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच, विधानसभेसारखे सहा वाजेपर्यंत धरून बसू नका, साडेपाचच्या आत रांगेत शिरलात तर मात्र कितीही उशीर झाला तरी मत घेतात.