मोफत जेवणाचा टक्का म्हणजे गरिबीचा टक्का नव्हे: या चुका टाळा

अमेरिकेत घर घ्यायला निघालेली आपली मंडळी आधी शाळांची रेटिंग्ज उघडतात. तिथं ‘कमी उत्पन्न गटातील विद्यार्थी’ असा एक टक्का असतो आणि त्यावरून शाळेची पारखही होऊन जाते. हा टक्का बऱ्याचदा मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र मुलांचा असतो. शोधनिबंध लिहिणारेही तोच बिनदिक्कत वापरतात.

पात्र म्हणजे दारिद्र्यरेषेखालचा, असं धरू नका. रेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर जेवण मोफत, १८५ टक्क्यांपर्यंत सवलतीत. २०२४-२५ साठी चौघांच्या कुटुंबाची रेषा होती ३१,२०० डॉलर. सवलत मिळायची ५७,७२० पर्यंत. शिवाय अलास्का आणि हवाई सोडले तर रेषा सगळीकडे एकच. मिसिसिपीतल्या खेड्याला जी, तीच सॅन फ्रान्सिस्कोला!

सगळ्यात जास्त घोळ होतो तो १००% दिसलं की. गेल्या वर्षी ५५% असलेली शाळा यंदा १००% दाखवते, म्हणजे वस्ती रातोरात कंगाल झाली का? नाही. शाळा ‘कम्युनिटी एलिजिबिलिटी प्रोव्हिजन’मध्ये गेली असणार. २०१० च्या कायद्यातली ही तरतूद २०१४-१५ पासून देशभर लागू झाली. तिच्यात घराघरातून उत्पन्नाचे फॉर्म भरून घेत नाहीत. सगळ्याच मुलांना जेवण फुकट. स्नॅपसारख्या (गरीब कुटुंबांना अन्न घ्यायला मिळणारी) सरकारी मदतीच्या यादीतून, किंवा बेघर, फॉस्टर केअरमधली (सरकारनं दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला दिलेली) म्हणून जी मुलं थेट ओळखता येतात, ती निदान ४०% असावी लागत. ऑक्टोबर २०२३ पासून २५% पुरतात. समजा ५०० मुलांच्या शाळेत अशी २०० आहेत, म्हणजे ४०%. त्याला १.६ नं गुणायचं: ६४% जेवणांचे पैसे केंद्र सरकार ‘मोफत’च्या दरानं देतं, उरलेल्यांचे अगदी कमी दरानं. डेटाच्या फायलीत मात्र कधी ५०० च्या ५०० मुलं पात्र म्हणून बसतात. असा आकडा दिसला की तो बाजूला ठेवा आणि थेट ओळखलेल्या मुलांचा टक्का शोधा. माझ्या मते तोच जास्त भरवशाचा.

अर्थात त्यालाही भोक आहे. कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना स्नॅप मिळत नाही, त्यामुळे त्यांची मुलं या यादीतून गळू शकतात. याउलट जेवणाच्या फॉर्मवर नागरिकत्व विचारत नाहीत. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर तशी खूण करायची सोय असते.

वर्षावर्षांची तुलना जपूनच करा. कोविडकाळात जून २०२२ पर्यंत सगळ्यांनाच मोफत जेवण देता येत होतं, मग फॉर्म भरतो कोण? मॅसॅच्युसेट्सनं २०१४-१५ मध्ये व्याख्याच बदलली आणि आकडा घसरला. हायस्कूलची बरीच मुलं लाजेनं अर्ज करत नाहीत, म्हणून प्राथमिक शाळेशी त्यांची थेट तुलना नको.

एका वर्षाच्या पात्रतेवरून मुलाची परिस्थितीही ठरवू नका. मिशिगनमधल्या अभ्यासात आठवीतली जवळपास निम्मी मुलं त्या वर्षी पात्र होती. बालवाडीपासून दरवर्षी पात्र ठरलेली फक्त १४%. गुणांमध्ये सगळ्यात मागे होती ती हीच. मुलांच्या पातळीवरचा डेटा हाती असेल तर ‘किती वर्षं पात्र’ हा रकाना करून घ्या. शाळेपुरतंच काम असेल तर जनगणना खात्याचे शालेय जिल्ह्यांनुसार (म्हणजे शाळांचा कारभार बघणाऱ्या स्थानिक विभागांनुसार) गरिबीचे अंदाज शेजारी ठेवून बघा. मात्र ते शाळेचे नसून त्या शालेय जिल्ह्यात राहणाऱ्या मुलांचे असतात.