हुकमी खेळाडू जखमी झाला की क्लबने या चुका टाळाव्यात

बडोद्यातील फुटबॉल क्लबांची घडण बहुधा एकाच प्रकारची असते. गोलांची सगळी भिस्त एका-दोघांवर असते, ते खेळाडू दिवसा नोकरी किंवा महाविद्यालय सांभाळून संध्याकाळी सरावाला येतात, आणि क्लबकडे पगारी डॉक्टर तर नसतोच, फिजिओथेरपिस्टही बहुतेक वेळा कोणाच्या तरी ओळखीचाच असतो. अशा क्लबचा हुकमी आघाडीपटू सामन्याच्या मध्येच मांडी धरून खाली बसला की संपूर्ण संघ घायकुतीला येतो आणि पुढच्या काही आठवड्यांत एकामागून एक चुका होत जातात. या चुका वैद्यकीय अज्ञानामुळे कमी आणि ‘खेळवायचे की नाही हे कोण ठरवणार’ हा प्रश्न आधी न सोडवल्यामुळे जास्त होतात, असे माझे स्पष्ट मत आहे. कोट्यवधी युरो खर्च करणाऱ्या युरोपीय क्लबांचीही यातून सुटका झालेली नाही, म्हणून पुढील काही उदाहरणे तिकडची आहेत.

मैदानावरच होणाऱ्या चुका

पहिली चूक अगदी सीमारेषेजवळ होते. थंड स्प्रे मारून, पट्टी आवळून ‘पाच मिनिटे बघ, नाही जमले तर बाहेर ये’ असे म्हणत खेळाडूला पुन्हा आत पाठवले जाते. मांडीच्या मागच्या स्नायूचा छोटा तंतुभंग अशा पाच मिनिटांत मोठा होऊ शकतो. धावताना अचानक कळ येऊन खेळाडू थांबला असेल, तर त्या दिवसापुरता त्याचा खेळ संपला असे समजावे. घोटा मुरगळला असेल तर दोन गोष्टी तपासता येतात: खेळाडूला चार पावले टाकता येतात का, आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर दाबल्यास दुखते का. पावले टाकता येत नसतील किंवा हाडावर दाबून दुखत असेल, तर त्याच दिवशी एक्स-रे काढावा. गुडघा वळताना ‘कट्’ असा आवाज येऊन दोन-तीन तासांत सुजला, तर लिगामेंट फाटल्याची शंका धरून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. डोक्याला मार लागून खेळाडू क्षणभर जरी गोंधळलेला दिसला, तरी त्या दिवशी त्याने पुन्हा मैदानात उतरू नये. मग सामना अंतिम असो की मैत्रीपूर्ण.

दुसरी चूक आपल्या शहराच्या परंपरेशी निगडित आहे, म्हणून ती जपून सांगावी लागते. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि राजरत्न माणिकराव यांच्यामुळे बडोद्यात आखाड्यातून हाड बसवण्याची आणि अंग चोळून देण्याची मोठी परंपरा निर्माण झाली, आणि घरातील वडीलधाऱ्यांचा त्या विद्येवर आजही विश्वास असतो. त्या विश्वासाचा अनादर करण्याचे कारण नाही. मात्र ताज्या दुखापतीला पहिल्या दोन-तीन दिवसांत जोरात चोळणे किंवा शेकणे यामुळे आतील रक्तस्राव आणि सूज वाढू शकते, आणि हाडाला तडा गेला असेल तर नुकसान आणखी गंभीर होते. आधी तपासणी, मग निदान, आणि त्यानंतर वाटल्यास डॉक्टरांना विचारून मालीश, हा क्रम क्लबने खेळाडूच्या आई-वडिलांना बसवून समजावून सांगितला पाहिजे. सुरुवातीचे दोन दिवस आधार देणारी पट्टी, पाय उंचावर ठेवणे, वेदनेपुरता बर्फ आणि दुखेल तेवढा भार टाळणे एवढेच पुरेसे असते.

निर्णय कोणाचा, हे न ठरवणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. २४ मे २०१४ रोजी लिस्बनमध्ये चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना ॲटलेटिको माद्रिद आणि रिअल माद्रिद यांच्यात झाला. ॲटलेटिकोचा मुख्य गोलवीर दिएगो कोस्टा आठवडाभरापूर्वी स्पॅनिश लीगच्या शेवटच्या सामन्यात मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापतीमुळे मैदान सोडून गेला होता. घोडीच्या वारेपासून, म्हणजे प्लॅसेंटापासून, केलेल्या उपचारासाठी तो बेलग्रेडला जाऊन आला, त्याची बातमी जगभर गाजली, आणि अंतिम सामन्यात त्याचे नाव पहिल्या अकरात आले. नवव्या मिनिटाला त्याला बाहेर काढावे लागले. त्या काळी एका संघाला तीनच खेळाडू बदलता येत असत, त्यांतला एक बदल असा वाया गेला. पूर्ण वेळ संपत आली असताना रिअलने बरोबरी साधली आणि जादा वेळेत दमलेल्या ॲटलेटिकोचा ४-१ असा पराभव झाला. प्रशिक्षक दिएगो सिमिओने यांनी त्या निर्णयाची जबाबदारी स्वतःवर घेतली.

प्रशिक्षकाला खेळाडू हवाच असतो, खेळाडूलाही खेळायचेच असते, समर्थकांची इच्छा वेगळी सांगायला नको. अशा वेळी ‘नाही’ म्हणणारा माणूस त्या ओढीबाहेरचा असावा लागतो. युरोपातील ३६ क्लबांच्या चार हंगामांच्या अभ्यासात असे आढळले की जेथे मुख्य प्रशिक्षक आणि वैद्यकीय पथक यांच्यातील संवाद कमकुवत होता, तेथे दुखापतींचा भार जास्त होता आणि खेळायला उपलब्ध असलेल्या खेळाडूंचे प्रमाण कमी होते. आपल्याकडे पथक नसले तरी एक कागद पुरतो. हंगाम सुरू होण्यापूर्वीच क्लबने लिहून ठेवावे की दुखापतीनंतर खेळण्याची परवानगी फक्त ठरलेला डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट देईल, परवानगी मिळालेल्या खेळाडूला किती मिनिटे खेळवायचे हे प्रशिक्षक ठरवील, आणि खेळाडूने ‘नको’ म्हटले तर त्याला कोणी कारण विचारणार नाही. ‘वैद्यकीय नकार मोडण्याचा अधिकार अध्यक्षांसह कोणालाही नाही’ हे वाक्य त्या कागदावर शब्दशः असावे. देणगीदार हेच अध्यक्ष असलेल्या क्लबांत ही ओळ सर्वांत उपयोगी पडते.

तारखेला बांधलेले पुनरागमन

‘उपांत्य फेरीपर्यंत उभा करू’ हे वाक्य ऐकले की पुढचे संकट दिसू लागते. दुखापत दिनदर्शिका पाहून भरत नाही. ब्राझीलचा रोनाल्डो नोव्हेंबर १९९९ मध्ये इंटर मिलानकडून खेळताना गुडघ्याच्या वाटीजवळील कंडरा दुखावून बाहेर गेला. शस्त्रक्रिया झाली, सुमारे पाच महिने गेले, आणि १२ एप्रिल २००० रोजी लाझिओविरुद्ध इटालियन चषकाच्या अंतिम लढतीत तो बदली खेळाडू म्हणून उतरला. काही मिनिटांतच तोच गुडघा निकामी झाला, या वेळी कंडरा पूर्ण तुटली, आणि त्यानंतरचा संपूर्ण लीग हंगाम त्याच्या हातून गेला. २००२ च्या विश्वचषकात त्याने आठ गोल केले, त्यांतले दोन जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्यात होते. पण तोवर दोन वर्षे उलटून गेली होती, आणि आपल्या शहरातल्या खेळाडूला नोकरी सांभाळून अशी दोन वर्षे मिळत नाहीत.

गुडघ्यातील पुढच्या क्रूसिएट लिगामेंटच्या, म्हणजे एसीएलच्या शस्त्रक्रियेबाबत अभ्यास बोलका आहे. अमेरिका आणि नॉर्वेमधील रुग्णांच्या २०१६ सालच्या एका अभ्यासात, नवव्या महिन्यापर्यंत पुनरागमन जितके लांबवले तितक्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी आढळले. तरीही नऊ महिने पूर्ण झाले म्हणजे परवानगी मिळाली असे नव्हे. जखमी पायाच्या मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के आहे का, एका पायावर उडी मारून स्थिर उतरता येते का, वेगात धावताना अचानक दिशा बदलताना खेळाडू बिचकतो का, या कसोट्या पाहाव्यात. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी पूर्ण वेगाची धाव वेदनेशिवाय जमणे, आणि ती थकलेल्या अवस्थेतही जमणे, ही अट ठेवावी. कसोट्यांची यादी खेळाडूच्या हाती पहिल्याच आठवड्यात द्यावी. ‘कधी खेळणार?’ असे कोणी विचारले की तो तारखेऐवजी राहिलेली कसोटी सांगू लागतो, आणि त्याच्यावरील अर्धा ताण तिथेच उतरतो.

सुई टोचून खेळवणे

वेदना बंद झाली म्हणजे दुखापत बरी झाली, असा समज अजूनही आढळतो. वेदनाशामक इंजेक्शन देऊन खेळवल्यास शरीराची धोक्याची सूचनाच बंद पडते, आणि त्यात उत्तेजक द्रव्यविरोधी नियमांची अडचणही आहे. १ जानेवारी २०२२ पासून स्टेरॉइड गटातील ग्लुकोकॉर्टिकॉइडचे कोणत्याही मार्गाने दिलेले इंजेक्शन स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहे, आणि १ जानेवारी २०२४ पासून ट्रामाडॉल हे वेदनाशामकही त्या यादीत आहे. भल्या हेतूने दिलेल्या औषधामुळे राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्या खेळाडूवर बंदी येऊ शकते. प्रत्येक औषधाची चिठ्ठी क्लबने जपून ठेवावी, आणि डॉक्टरांना ‘हा स्पर्धात्मक खेळाडू आहे’ असे आधीच सांगावे.

बरा होईपर्यंत त्याला विसरून जाणे

ही चूक शांतपणे होते, म्हणून लक्षात येत नाही. चार-सहा आठवडे खेळाडू सरावाला येत नाही, गटातील संदेशांत त्याचे नाव येईनासे होते, आणि तो घरी एकटाच व्यायाम करील असे सर्व जण गृहीत धरतात. तो करीत नाही. घोट्याची सूज उतरून चालणे सरळ झाले की नवरात्र येते, आणि बडोद्यात राहून नऊ रात्री गरब्याला न जाणारा विशीतला तरुण सापडणे कठीण आहे. मुरगळलेल्या घोट्यासाठी तासन्‌तास अनवाणी गिरक्या आणि उड्या हा फुटबॉलच्या सामन्याइतकाच कठोर प्रकार आहे. उत्तरायणात गच्चीवर पतंगामागे मागे मागे पळणाऱ्या, नुकत्याच बऱ्या झालेल्या गुडघ्याचेही तेच होते. क्लबने सणांवर बंदी घालू नये, तसे सांगून कोणी ऐकणारही नाही. त्याऐवजी फिजिओथेरपिस्टला नवरात्रीची तारीख आधी कळवावी आणि पुनर्वसनाच्या वेळापत्रकात ‘पहिल्या दोन रात्री फक्त बसून, त्यानंतर घोट्याला आधार बांधून अर्धा तास’ अशी स्पष्ट नोंद करून घ्यावी.

सरावाच्या दिवशी खेळाडूला मैदानावर बोलवावे. तो खेळत नसला तरी नोंदी ठेवू शकतो, तरुण मुलांना चेंडू मारण्याची पद्धत दाखवू शकतो. उपचाराचा खर्च कोण किती देणार हे शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नव्हे, तर हंगामाच्या नोंदणी अर्जातच लिहिलेले असावे. समूह अपघात विम्याचा हप्ता वर्गणीत मिळवला तर प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला येणारा बोजा विभागला जातो. दुखापतीचा तपशील समर्थकांच्या व्हॉट्सॲप गटात टाकू नये. ‘तो सध्या उपलब्ध नाही’ एवढे पुरेसे असते, कारण एमआरआयचा अहवाल हा खेळाडूचा आहे, क्लबचा नव्हे.

निवड आली म्हणून माहिती दडवणे

जखमी खेळाडूचे नाव जिल्हा किंवा राज्य संघाच्या शिबिरात आले की क्लब अनेकदा गप्प बसतो, कारण निवड हा क्लबचाही मान असतो. २०१० च्या विश्वचषकात नेदरलँड्सकडून खेळलेला आर्येन रॉबेन परत आला तेव्हा बायर्न म्युनिकला त्याच्या मांडीचा स्नायू फाटलेला आढळला, तो अर्धा हंगाम बाहेर राहिला, आणि क्लब व डच संघटना यांच्यातील वाद अखेर मे २०१२ मध्ये भरपाईदाखल खेळवलेल्या एका मैत्रीपूर्ण सामन्याने मिटला. आपल्याकडे असा सामना कोणी भरवणार नाही. म्हणून वैद्यकीय अहवालाची प्रत आणि फिजिओथेरपिस्टचा भ्रमणध्वनी, खेळाडूच्या संमतीने, शिबिराच्या प्रशिक्षकांना लेखी पाठवावा आणि पोच मागून घ्यावी.

परतल्यावर पुन्हा दुखू लागले तर

पहिल्या सामन्यात संपूर्ण ९० मिनिटे खेळवणे ही शेवटची, आणि आनंदाच्या भरात हमखास होणारी चूक आहे. पूर्ण सरावात किमान एक आठवडा काढल्यानंतर पहिल्या सामन्यात शेवटची १५ ते २० मिनिटे, नंतर अर्धा वेळ, आणि सर्व ठीक असेल तरच पूर्ण सामना, असा चढता क्रम ठेवावा. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशिक्षकांनी त्याला स्वतः फोन करावा. हलका जडपणा असून तो दिवसभरात ओसरला, तर वेळापत्रक तसेच पुढे न्यावे. सांधा सुजला असेल, किंवा दुखणे २४ तासांनंतरही तसेच असेल, तर एक पायरी मागे जाऊन आठवडाभर सरावाचा भार निम्मा करावा. तीच कळ त्याच जागी दुसऱ्यांदा आली, तर सराव थांबवून नव्याने तपासणी करावी, आणि पुढच्या सामन्याच्या संघयादीत त्याचे नाव राखीव खेळाडूंतही लिहू नये, कारण राखीव बाकावर बसलेल्या हुकमी खेळाडूला ऐंशीव्या मिनिटाला बोलावण्याचा मोह फार थोड्या प्रशिक्षकांना आवरतो.